‘सार्जंट पेपर’चं कौतुक आता पुरे

तिरपागडा: ‘सार्जंट पेपर नसता तर गोऱ्यांना भारतीय संगीत कळलंच नसतं’ ही बीटल्सच्या 1967 च्या अल्बमवरची कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. अहो, रविशंकर 1956 पासून तिकडे मैफली करत होते. बीटल्सच्याच ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार वाजली 1965 ला. आणि सायकेडेलिक, म्हणजे नशेत भास व्हावेत तसलं संगीत म्हणाल, तर त्यांच्याच 1966 च्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बममधलं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ ऐका. उलट्या फिरवलेल्या टेपा, एकच ठेका, सगळं तिथेच करून झालंय. ‘पेपर’ म्हणजे भारी कव्हर आणि बँडवाल्यांचे कपडे.

जुनी तबकडी: फक्त कपडे? मग त्यातल्या ‘अ डे इन द लाइफ’वर बीबीसीनं बंदी काय कपड्यांसाठी घातली? गाण्यांचे शब्द कव्हरवर छापले, दोन गाण्यांमधली मोकळी जागा काढली, लोकांना अख्खा अल्बम बसून ऐकायला लावला. तेही चार ट्रॅकच्या मशीनवर! आजची पोरं अर्ध्या मिनिटात गाणं बदलतात, त्यांना काय सांगणार.

निषाद: पोरांना नंतर झोडा. ‘पेपर’मधल्याच ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये जॉर्ज हॅरिसन सोडला तर एकही बीटल नाही. दिलरुबा (गजानं वाजवायचं तंतुवाद्य), तबला वाजवले लंडनमधल्या आपल्या लोकांनी. हेडफोन लावून ऐका, निर्माता जॉर्ज मार्टिननं आठ व्हायोलिन आणि तीन चेलो दिलरुब्याच्या मींडेमागून, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाण्यामागून, कसे सरकवलेत ते. आणि कव्हरवर? पन्नासाहून जास्त चेहरे, वाजवणाऱ्यांना एक ओळ नाही! ‘रिव्हॉल्व्हर’वर निदान ‘अनिल भागवत, तबला’ असं छापलं होतं.

जुनी तबकडी: झालं सुरू रडगाणं. व्हायोलिनवाल्या गोऱ्यांची तरी नावं कुठे होती?

निषाद: रडगाणं?? माझे काका दादरहून फिल्मी रेकॉर्डिंगला जायचे, व्हायोलिन घेऊन. त्यांनी वाजवलेलं गाणं रेडिओवर लागलं की आत्या आवाज वाढवायची आणि काका उठून गॅलरीत जायचे. घरातल्या एकाही तबकडीवर त्यांचं नाव नाही. तुम्ही खुशाल रडगाणं म्हणा.

तिरपागडा: काकांबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण म्हणजे मुंबईतही तेच चालायचं ना? मग एकट्या हॅरिसनला का धरता?

निषाद: कारण हॅरिसनसारख्या अध्यात्माच्या गप्पा मुंबईचे निर्माते मारत नव्हते!

कोपरखळी: अध्यात्मावरून आठवलं. त्या कव्हरवर गांधीजीही होते. भारतातली विक्री बुडेल म्हणून रेकॉर्ड कंपनी ईएमआयनं काढायला लावले. चार योगी मात्र राहिले. धंद्याला योगी चालतात.

जुनी तबकडी: आता गांधींवर घसरू नका, धागा बंद पडेल.

तिरपागडा: बरं बाबा, मींड मान्य. तेवढी पाच मिनिटं ‘पेपर’ थोर. पण त्यातलं ‘व्हेन आय अॅम सिक्स्टी-फोर’ कोण ऐकतं हो आता?

जुनी तबकडी: मी. पुढच्या महिन्यात चौसष्ट पूर्ण होतायत. आणि ‘रिव्हॉल्व्हर’ची तबकडीही आहे माझ्याकडे. उसनी मागू नका, मिळणार नाही.