क्लबची आठ लाखांची मेंबरशिप: हिशोब कसा मांडावा?

सिंहगडरोडकर
पुण्यातल्या एका खाजगी क्लबची कुटुंब सदस्यता घ्यायचं घाटत आहे. प्रवेशशुल्क ८,००,००० अधिक १८ टक्के जीएसटी, वार्षिक वर्गणी ३०,००० अधिक जीएसटी, शिवाय खाण्यापिण्याचं किमान बिल महिन्याला १,५००. ते खाल्लं नाही तरी भरायचंच. प्रवेशशुल्क परत मिळत नाही आणि सदस्यता विकता येत नाही.

घरी आम्ही दोघं, १५ आणि ११ वर्षांची मुलं, आई (६८). वापर मुख्यतः बॅडमिंटन आणि पोहणं, थोडं जिम, आईला चालायला जागा. घरापासून ७ किमी. 'पुढच्या वर्षी दर वाढतोय' हे वाक्य आतापर्यंत तीनदा ऐकवून झालं आहे.

'हौसेला मोल नसतं' हे माहीत आहे, ते कृपया नको. हिशोब कसा मांडायचा आणि सही करण्याआधी नेमकं काय बघायचं, एवढंच सांगा.

---

ताळेबंद
बहुतेक जण आठ लाख भागिले पंचवीस वर्षं करतात आणि 'वर्षाला ३२ हजारच तर पडतात' म्हणून खूश होतात. त्यात दोन चुका आहेत. कर धरला तर रक्कम ९,४४,००० होते. आणि हे पैसे बँकेत राहिले असते तर व्याज मिळालं असतं, ते हिशोबात येतच नाही. करानंतर ५ टक्के व्याज धरा. २५ वर्षांवर समान हप्त्यात पसरलं तर वर्षाला साधारण ६७,००० पडतात. वर्गणी करासह ३५,४००. किमान बिलाचे १८,००० पूर्ण धरू नका, त्यातलं निम्मं तुम्ही बाहेर कुठेतरी खाल्लंच असतं. ९,००० धरा. एकूण १,११,४००.

आता याला भेटींनी भागा. घरातलं कुणीही गेलं, एकटं किंवा सगळे, की एक भेट. वर्षाला ४० भेटी झाल्या तर एक भेट २,७८५ रुपयांना पडते. १०० झाल्या तर १,११४, आणि २०० झाल्या तर ५५७.

पण २५ वर्षं हा आकडाच तुमच्या बाबतीत लंगडा आहे. मुलं १५ आणि ११ ची आहेत. खरा भरगच्च वापर दहा वर्षांचाच असेल तर त्याच व्याजदराने प्रवेशशुल्काचा वार्षिक भार १,२२,००० च्या पुढे जातो आणि एकूण खर्च १,६६,००० च्या वर. माझ्या मते तुम्ही हाच आकडा समोर ठेवावा. त्यात वर्गणी तीच राहील असं धरलंय, आणि ती तीच राहत नाही. दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढली तर नऊ वर्षांत दुप्पट होते.

याच्या शेजारी दुसरी वही उघडा: क्लब न घेता तेच सगळं सुटं घेतलं तर? नमुन्यादाखल, दोघांचं जिम ३६,०००, मुलांचा उन्हाळ्यातला तीन महिन्यांचा पोहण्याचा पास १२,०००, आठवड्यातून दोनदा ५०० रुपये तासाने बॅडमिंटन कोर्ट, वर्षाचे १०० तास म्हणजे ५०,०००. बेरीज ९८,०००. तुमच्या भागातले दर घालून हे पुन्हा करा. एक बारीक गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. क्लबच्या वर्गणीवर तो १८ च आहे. सुट्या खरेदीचं पारडं तेवढं जड झालं.

सुटं घेण्याचा मोठा फायदा म्हणजे कंटाळा आला की थांबवता येतं. क्लबात पहिल्याच दिवशी साडेनऊ लाख गेलेले असतात.

---

नेटजवळ
ताळेबंद यांचा हिशोब बरोबर, पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे: तुम्ही गेलात की कोर्ट मिळतं. संध्याकाळी ते मिळेलच असं नाही.

हे मोजता येतं. समजा तीन कोर्ट आहेत, गर्दीची वेळ ६ ते ९, आणि एक डाव ४५ मिनिटांचा. प्रत्येक कोर्टवर चार डाव, तिन्ही मिळून बारा, चौघांप्रमाणे ४८ खेळाडू. आता ६ ते ७.३० दोन कोर्ट कोचिंगला दिलेली असतात (क्लबला त्यातून पैसे मिळतात, म्हणून ती सुटत नाहीत). चार डाव गेले. उरले ३२ खेळाडू. क्लबात २,५०० कुटुंबं असतील तर हा आकडा पुन्हा एकदा वाचा. म्हणून सगळ्यात आधी विचारायचं ते म्हणजे एकूण सदस्य किती आणि अजून किती घेणार आहेत. नियमावलीत कमाल सदस्यसंख्या लिहिलेली नसेल, तर दर वर्षी नवे सदस्य घेऊन खर्च भागवणं हाच तिथला धंदा असण्याची शक्यता बरीच.

बघायला रविवारी दुपारी बोलावतील. तुम्ही मंगळवारी संध्याकाळी ७ ला आणि रविवारी सकाळी ८ ला जा. बुकिंगची वही किंवा अ‍ॅप दाखवायला सांगा. तीच चार नावं रोज त्याच वेळेला दिसली तर समजा की तो स्लॉट वडिलोपार्जित आहे.

हॉलमध्ये वर बघा. छत ९ मीटरपेक्षा खाली असेल तर उंच टोलावलेलं शटल वर लागतं. दिवे कोर्टच्या डोक्यावर असतील तर स्मॅश मारताना डोळे दिपतात, ते दोन्ही बाजूंना हवेत. मॅट थेट काँक्रीटवर अंथरलेली असेल तर गुडघे वर्षभरात बोलायला लागतात. खाली लाकडी, किंचित दबणारी फरशी पाहिजे.

पोहण्याचा तलाव: काठावर उभं राहून सगळ्यात खोल भागाच्या तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पोरांना उतरवू नका, कारण बुडणारा माणूसही दिसणार नाही. पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ, हा गैरसमज आहे. तो वास बहुतेक क्लोरामाइनचा असतो, घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार झालेला. म्हणजे वास जितका जास्त तितकी पाण्याची निगा कमी राखलेली. पंपरूमजवळ नोंदवही असते. त्यात मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ दिवसातून दोन-तीनदा लिहिलेलं हवं. महिनाभर एकाच पेनाने एकच आकडा दिसला तर वही घरी बसून भरलेली आहे.

फिल्टरची क्षमताही ताडता येते. २५ मीटर लांब, १२.५ रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात ४,३७,५०० लिटर पाणी मावतं. ते सहा तासांत एकदा गाळून निघायचं तर पंपाने ताशी ७३,००० लिटर ओढलं पाहिजे. पंपावरची पाटी वाचा. आणि पाणीकपात लागली की तलाव किती दिवस बंद ठेवतात, त्या काळात वर्गणीत सूट मिळते का, हेही विचारा. बहुधा मिळत नाही.

---

पोटनियम
आकडे झाले, आता कागद. नियमावलीची पूर्ण प्रत मागा. माहितीपत्रक म्हणजे नियमावली नव्हे. 'सदस्य झाल्यावर मिळेल' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

आधी क्लब कुणाचा ते पाहा. एक प्रकार सदस्यांच्या मालकीचा, म्हणजे संस्था, न्यास किंवा कलम ८ ची (नफा वाटून न घेणारी) कंपनी. दर वर्षी सर्वसाधारण सभा, मतदान, लेखापरीक्षित हिशोब. डेक्कन जिमखाना (१९०६) किंवा मुंबईचा बॉम्बे जिमखाना (१८७५) अशा जुन्या संस्था या परंपरेतल्या. दुसरा प्रकार प्रवर्तकाच्या मालकीचा: कंपनीचा क्लब, तुम्ही फक्त वापरणारे. तिथे 'आजीवन' या शब्दाची व्याख्या शोधा. कधी ती २५ वर्षं निघते, कधी जागेचा भाडेपट्टा असेपर्यंत. मालक बदलला तर तुमचे हक्क नव्या मालकावर बंधनकारक आहेत का, ते करारात स्पष्ट पाहिजे.

मग मुलांचं कलम. आश्रित म्हणून मूल कधी २१ पर्यंत, कधी २५ पर्यंत चालतं. जुन्या नियमांत मुलीसाठी 'लग्नापर्यंत' असंही सापडतं. तुमच्याकडे २१ ची अट असेल तर थोरल्याची सहा वर्षं उरली, त्यातली दहावी-बारावी वजा करा. वय ओलांडल्यावर सवलतीच्या दरात स्वतंत्र सदस्यत्व मिळतं, पण त्यासाठी ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो. ती चुकली की पूर्ण शुल्क. ही मुदत क्लब आठवण करून देत नाही आणि घरच्यांच्या लक्षात राहत नाही, दरवेळी हेच होतं.

आईंचं वेगळं. बऱ्याच ठिकाणी कुटुंब म्हणजे पती, पत्नी, मुलं. आईवडील त्यात नसतात. मग त्या दर वेळी पाहुण्या ठरतात आणि पाहुण्याचं शुल्क लागतं, शिवाय महिन्यात एकाच पाहुण्याला किती वेळा आणता येईल यावर मर्यादा. आश्रित पालक म्हणून कार्ड मिळतं का, ते लेखी घ्या.

तीन वर्षांचे हिशोब मागा आणि एकच गोष्ट बघा. वर्गणी, खाणावळ आणि हॉलभाडं यातून पगार, वीज आणि दुरुस्ती भागते का? की नवीन सदस्यांचं प्रवेशशुल्क रोजच्या खर्चात जातंय? दुसरं असेल तर ते पेरणीचं बियाणं दळून खाणं आहे. नवे सदस्य आटले की जुन्यांवर 'विकास निधी' नावाची एकरकमी वसुली येते. ती लावायचा अधिकार समितीला आहे की सभेला, आणि त्यावर मर्यादा आहे का, हे नियमांत असतं.

जागा. अनेक जिमखाने सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने उभे आहेत. पट्टा कधी संपतो ते तारखेसह विचारा.

प्रतीक्षायादीत पैसे अडकवू नका. दिल्ली जिमखाना (१९१३) प्रकरणात अर्जदारांकडून पैसे घेऊन त्यांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवल्याचा मुद्दा थेट राष्ट्रीय कंपनी कायदा लवादापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये लवादाने केंद्र सरकारला तिथे १५ संचालक नेमायची मुभा दिली. एवढ्या जुन्या क्लबची ही गत.

---

वेताची खुर्ची
सगळे कोर्ट आणि पंप मोजत बसलेत. निम्मे सदस्य रॅकेट घेऊन जातच नाहीत. परगावच्या संलग्न क्लबांच्या खोल्या, हिरवळीवर निवांत बसून चहा, मुंजीला किंवा साठीशांतीला सदस्य दरात हॉल, याची किंमत कोण धरणार? महाबळेश्वरला किंवा मुंबईत मोक्याच्या जागी खोली हॉटेलपेक्षा बरीच स्वस्त मिळते.

---

ताळेबंद
धरू की. पण खोली मिळते तेव्हाच धरायची. संलग्न क्लबात तिथल्या सदस्यांना आधी प्राधान्य. तुम्हाला आपल्या क्लबचं परिचयपत्र घेऊन अर्ज करावा लागतो आणि दिवाळी, मे महिना, लाँग वीकेंड हमखास भरलेले. वर्षाला चार रात्री मिळाल्या आणि रात्रीमागे २,५०० वाचले तर १०,०००. वर्षाच्या १,६६,००० मधून तेवढे वजा करा, हरकत नाही. हॉलचं म्हणाल तर बाहेरचा केटरर चालतो का ते विचारा. बहुधा चालत नाही, आणि हॉलभाड्यात वाचलेले पैसे ताटामागे जातात.

हिरवळीवरचा चहा मात्र माझ्याकडून फुकट जमेस धरा.

---

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार. चौकशी करून आलो. नियमावली दिली (कुरकुरत). मुलांना २५ पर्यंत चालतं, आईला कार्ड नाही, कमाल सदस्यसंख्या लिहिलेली नाही. दोन नवे प्रश्न: ते तीन हप्ते देतो म्हणतात, घ्यावेत का? आणि नोकरीतल्या कंपनीकडून कॉर्पोरेट सदस्यता घेतली तर स्वस्त पडेल का?

---

पोटनियम
हप्त्यांवर व्याज नसेल तर जरूर घ्या, पण सदस्यत्वाचे हक्क पहिल्या हप्त्यापासून की शेवटच्या, ते लिहून घ्या. 'हप्ता चुकल्यास भरलेली रक्कम जप्त' हे वाक्य असेलच. त्याला निदान तीस दिवसांच्या सूचनेची अट घालायला लावा.

कॉर्पोरेट सदस्यता कंपनीच्या नावे असते, तुम्ही फक्त नामनिर्देशित. नोकरी सोडली की कार्ड गेलं. करात, कंपनीने कॉर्पोरेट सदस्यत्वासाठी भरलेलं सुरुवातीचं शुल्क तुमच्या पगारात धरत नाहीत, पण वार्षिक वर्गणी आणि बिलं कामापुरती नसतील तर करपात्र सवलत म्हणून धरतात. कंपनीला त्यावरचा जीएसटी आपल्या भरायच्या जीएसटीतून वजाही करता येत नाही, क्लब सदस्यत्व त्या वगळलेल्या यादीत आहे. त्यामुळे मनुष्यबळ खातं उत्साह दाखवणार नाही.

---

नेटजवळ
कमाल संख्या लिहिलेली नाही आणि ७ किमी. संध्याकाळच्या रहदारीत एका बाजूला ३५-४० मिनिटं. कामाच्या दिवशी जाणं पहिल्या दोन महिन्यांत बंद पडतं, मग शनिवार-रविवार उरतात आणि भेटी चाळीसच्या आसपास येतात. म्हणजे ताळेबंद यांच्या ओळीतली सगळ्यात महाग भेट.

तीन महिन्यांची तात्पुरती सदस्यता मिळते का विचारा, बऱ्याच क्लबांत असते. ती जून ते ऑगस्टमध्ये घ्या, उन्हाळ्यात नको. पावसात उघडी टेनिस कोर्ट बंद, सगळी गर्दी बॅडमिंटन हॉलमध्ये, छत गळतं की नाही तेही दिसतं. बॅगेत एक वही ठेवा: तारीख, कोण गेलं, कोर्टसाठी किती मिनिटं थांबलात. तोवर मुलांसाठी महापालिकेचा तलाव किंवा म्हाळुंगे-बालेवाडीचं क्रीडासंकुल बघून ठेवा.

---

पोटनियम
आणि अर्जासोबत चेक देणार असाल तर तो क्लबच्या नोंदणीकृत नावाने, मध्यस्थाच्या नाही. पावतीवर 'समितीने अर्ज नाकारल्यास इतक्या दिवसांत संपूर्ण रक्कम, जीएसटीसह, परत' ही ओळ हाताने का होईना लिहून त्यावर सही-शिक्का घ्या.