डाइव्ह घड्याळ: साडेसोळा सेंमी मनगटाला ४२ मिमी चालतं का?

घोडबंदरकर
ठाण्या-मुंबईच्या शोरूममध्ये हमखास ऐकू येणारा नियम: मनगटाचा घेर १७ सेंमीच्या आत असेल तर ४० मिमीच्या वर जाऊ नका. माझ्या मते हा नियम सोडून द्यावा. घड्याळ बसतं की नाही हे व्यास नाही, लग-टू-लग ठरवतं. लग म्हणजे पट्टा अडकवायचे केसचे कान; वरच्या कानाच्या टोकापासून खालच्याच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे लग-टू-लग. सेकोचं 'टर्टल' ४५ मिमीचं, पण लग-टू-लग सुमारे ४८. ओमेगा सीमास्टर ३००एम ४२ मिमीचं, तरी ५० च्या आसपास. २०२० मध्ये रोलेक्स सबमरिनर ४० वरून ४१ झालं, पण लग बारीक केल्यामुळे उलट सडपातळ दिसतं.

हात टेबलावर पालथा ठेवा आणि घड्याळ बसतं तिथली सपाट रुंदी पट्टीने मोजा. घेर सारखा असला तरी गोल मनगटाला ही जागा चपट्यापेक्षा कमी मिळते. लग-टू-लग त्याहून ४-५ मिमी कमी हवं.

वाशी_सेक्टर१७
अर्धंच सांगितलंत. स्टीलच्या ब्रेसलेटची पहिली कडी लगच्या पुढे येऊन ताठ राहत असेल, तर कागदावरचे ४८ मनगटावर ५२ होतात. सपाट जागेच्या बाहेर गेलेली कडी हवेत तरंगते, खाली फट दिसते. रबरी पट्ट्यावर तेच घड्याळ नीट बसतं.

आणि जाडी? ट्यूडर ब्लॅक बे ५८ ची ११.९ मिमी, ती शर्टाच्या कफखाली सरकते. ओमेगाच्या जुन्या प्लॅनेट ओशनसारखं १६ च्या घरातलं कफला अडकतं, आणि सकाळच्या ठाणे लोकलमध्ये दाराच्या दांड्याला घासून बेझल (काचेभोवतीची फिरती कडी) ओरखडतं. रोज ऑफिसला घालायचं असेल तर मी आधी जाडी बघेन, मग बाकीचं.

ऐरोली_डायव्हर
तुम्ही दोघं ऑफिसचं घड्याळ निवडताय! तारकर्लीला पाणी गढूळ असतं तेव्हा मोठी तबकडी आणि ठळक मिनिटकाटाच कामाला येतो. शिवाय १० मीटरवर दाब दुप्पट होतो, डायव्हिंग सूटचं निओप्रीन (फुगीर रबर) दबतं आणि वरून बांधलेला पट्टा सैल पडतो. लांब पट्टा आणि ४२-४४ मिमी हेच योग्य.

पाचपाखाडी
पट्ट्याचं पटलं, व्यासाचं नाही. आयएसओ ६४२५ हे मानक अंधारात २५ सेंमीवरून वेळ वाचता यावी, एवढं मागतं. व्यास मागत नाही. ट्यूडरचं १९५४ चं पहिलं सबमरिनर ३७ मिमीचं होतं, आताचं ब्लॅक बे ५४ ही तेवढंच. वाचनीयता काट्यांची जाडी आणि ल्यूम (अंधारात चमकणारा रंग) ठरवतं.

इथल्या हवेत क्लास्प, म्हणजे ब्रेसलेट बंद करायचा खटका, जास्त महत्त्वाचा. मे महिन्यात दुपारी मनगट फुगतं, एसीत पुन्हा बारीक होतं. रोलेक्स सबमरिनरचा ग्लाइडलॉक क्लास्प २-२ मिमीने, एकूण सुमारे २० मिमी वाढतो. ट्यूडर पेलागोस ३९ चा टी-फिट ८ मिमी. दोन्ही हत्याराविना. साध्या क्लास्पवर पिनची भोकं बदलत बसावं लागतं.

घोडबंदरकर
@वाशी_सेक्टर१७, पहिल्या कडीचा मुद्दा मान्य. सपाट रुंदीशी तुलना त्या कडीसकट करावी. जाडीबद्दल मात्र नुसता आकडा फसवा आहे. त्यात फुगीर काचही धरलेली असते आणि कफ अडतो तो केसच्या उभ्या कडेला. पारखताना कफचं बटण लावून हात तीनदा वाकवा. आणि शोरूमच्या एसीत लगेच कड्या काढून घेऊ नका. बाहेर अर्धा तास उन्हात फिरून मनगट पुन्हा मोजा, मगच कड्या काढायला सांगा.