प्रतिसाद: तोंडानेच दिलेलं पार्श्वसंगीत

तमिळ सिनेमातलं विनोदी पार्श्वसंगीत म्हणजे ‘आता हसा’ अशी पाटी, हे या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय ते हल्लीच्या बऱ्याच सिनेमांना लागू पडतं. प्रत्येक पंचनंतर ‘टॉंय’ वाजलंच पाहिजे का? पण सरसकट नाही पटत.

‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या तमिळ सिनेमातला विनोदी नट नागेश आठवा. सिनेमा काढायची हौस असलेला हा पोरगा बापाला, म्हणजे नट बालय्यांना, भुताटकीची गोष्ट ऐकवतो आणि सगळे भीतीदायक आवाज तोंडानेच काढतो. गोष्टीपेक्षा त्या आवाजांनीच बापाची गाळण उडते. भयपटांत संगीत प्रेक्षकाला कसं घाबरवतं याचीच ती चेष्टा आहे. हिंदी ‘प्यार किये जा’मध्ये मेहमूद आणि ओमप्रकाशने केलेला प्रसंग तो हाच, आपल्याकडे तोच जास्त माहीत.

आणि ‘पुष्पक’ (तमिळमध्ये ‘पेसुम पडम’)? संवादच नाहीत, म्हणून सगळी भिस्त आवाजावर. शेजारच्या थिएटरातल्या हाणामारीच्या आवाजाची सवय झालेल्या कमल हासनला पॉश हॉटेलात झोप येईना, तर पठ्ठ्या तोच आवाज टेप करून आणतो! संगीत एल. वैद्यनाथन यांचं, ‘मालगुडी डेज’वालेच.