मदत हवी आहे: बामणोलीला तंबू, पहाटेचं दव आणि वाकणारे खुंटे

डिसेंबरात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीजवळ (सातारा जिल्हा) दोन रात्री राहणार आहोत. चौघं, दोन डबल लेयर तंबू (आतला तंबू, वर वेगळं कापड). वासोटा किल्ल्याकडचं जंगल अभयारण्यात, तिथे मुक्काम चालत नाही. म्हणून गावातल्या खाजगी शेतात, मालकाला विचारूनच. शेकोटी नाही, स्वयंपाक गॅसवर.

गेल्या खेपेला पाण्यापासून वीस पावलांवर होतो. झरोके उघडे ठेवूनही पहाटे वरचं कापड आतून ठिबकत होतं. खालची ताडपत्री तंबूबाहेर चार बोटं आलेली, तिच्यावरचं पाणी तळाखाली शिरलं (ती यंदा आत दुमडणार). मुरमात सहा इंची खुंटे वाकले, दगडांना बांधलेले दोर रात्रीत सैल पडले.

वरच्या बांधावर दव कमी, पण वारा जास्त. मग काठापासून किती वर जावं, दार कुठल्या दिशेला ठेवावं, आणि मुरमात कोणते खुंटे धरतात?