शिह त्झू की डॅशहंड: लिफ्ट नसेल तर आधी पाठीचा विचार करा

दोन लहान मुलं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. अशा घरात कुत्रा घ्यायचा तर लांब केसांचा, चपट्या नाकाचा शिह त्झू घ्यावा की आखूड पायांचा डॅशहंड, हा प्रश्न आहे. अशा वेळी चर्चा केसांवरच अडकते, पण खरा फरक पाठीत आहे.

डॅशहंडचे पाय आखूड होतात ते एका जनुकीय बदलामुळे. त्याच्याशी निगडित असलेल्या बदलामुळे मणक्यांमधल्या चकत्याही कमी वयातच कडक होतात. मग सोफ्यावरून मारलेली उडीसुद्धा चकती सरकायला पुरते आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हणून जिन्यावर त्याला उचलूनच न्यायचं: एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, पाठ आडवी. मुलं नेमकी पुढच्या पायांखाली धरून उचलतात, तेच धोक्याचं. वजनही वाढू देऊ नका; हात फिरवला की बरगड्या सहज जाणवल्या पाहिजेत.

हा धोका शिह त्झूलाही आहे, पण इतका नाही. केस मात्र रोज मुळापासून विंचरायला हवेत. वरवर ब्रश फिरवला तर कानामागे गुंता होतो. आखूड कापून ठेवले तर बरंच सोपं जातं. चपट्या नाकामुळे उन्हात फिरवू नका, गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घाला. डोळा मिटून धरू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

या घरासाठी माझं मत शिह त्झूला. पिल्लू निवडताना नाकपुड्या नीट उघड्या आहेत का आणि शांत बसलेलं असताना श्वास घरघरतो का, एवढं नक्की बघा.