विषय: अंबाझरी लेआउटमधली पुरात बुडालेली गाडी

प्रेषक: अंबाझरी लेआउटची लेक

मंडळी, नमस्कार.
नागपूरकरांना विचारायचं आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि बाबांची मारुती सीटच्या वरपर्यंत बुडाली. तेव्हापासून ती फाटकाबाहेर उभी आहे. बाबा गेल्या वर्षी गेले. आता काचेवर नोटीस चिकटवली आहे : गाडी हलवा, नाहीतर उचलू. आई घाबरली आहे. एक भंगारवाला रोख पैसे देऊन आजच न्यायला तयार आहे. आई म्हणते, देऊन टाकू. द्यावी का?

प्रेषक: मानेवाड्याचे काका

बेटा, भंगारवाल्याला अजिबात देऊ नका. आरटीओच्या नोकरीत उभी हयात गेली माझी, म्हणून एवढं ठासून सांगतो. गाडीचे तुकडे झाले तरी नोंदीत ती बाबांच्याच नावावर राहते. तिची नंबरप्लेट किंवा इंजिन उद्या दुसऱ्या गाडीत सापडलं, तर पोलीस आईच्या दारात येतील. या वयात तिला ते कशाला? ज्याच्या नावावर नोंदणी, तोच कायद्याने मालक. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात हेच धरलं.

नोटीसकडे दुर्लक्षही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास बेवारस उभी असलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो, आणि टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. उचललेली गाडी चोरीची आहे का, मालक कोण, हे शोधण्यात वेळ जातो. तोवर ती आवारात गंजत पडते आणि शेवटी लिलावात निघते. म्हणून ज्यांनी नोटीस लावली त्यांच्याकडे आईच्या सहीचा अर्ज आजच द्या, हलवायला मुदत मागा आणि पोच घ्या.

मग गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. २०२१ पासून त्यासाठी वेगळे नियम आहेत. मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा काढून ठेवा. कर्जाचा बोजा चढलेला असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागेल. थकलेली चलानं आधी भरून टाका. केंद्रवाले चोरीच्या नोंदी तपासून गाडी घेतात आणि ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, देतात. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, पण आईला तिचं काय काम! आरटीओत नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत मात्र पाठपुरावा सोडू नका.

एक बारकी गोष्ट. बॉनेट उघडून चेसिस नंबर आत्ताच बघून ठेवा. पुराचा गाळ सुकून त्यावर बसला असेल. रॉकेलच्या फडक्याने हलक्या हाताने पुसा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, आकडे उमटतात. पॉलिश पेपर लावू नका. आकड्यांवर ओरखडे दिसले की नंबर खोडल्याचा संशय येतो आणि काम तिथेच अडतं.

प्रेषक: लक्ष्मीनगरची डॉक्टर

काकांनी कागदांचं सगळं सांगितलंच आहे. मी आजाराचं बोलते. अशा गाडीच्या टायरात, डिकीत पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. पाणी आटलं तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात, पुढच्या पावसात परत फुटतात. पाणी नुसतं ओतून देऊ नका, आतून घासून काढा. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील नागपुरात एकटे आहेत आणि त्यांच्याही दारात अशा गाड्या उभ्या आहेत. अरुंद गल्लीत रात्री अॅम्ब्युलन्स वळवायची वेळ आली तर काय होईल, याचा विचार करा हो.

प्रेषक: अंबाझरी लेआउटची लेक

काका, डॉक्टरताई, मनापासून आभार. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. मावसभाऊ उद्या अर्ज घेऊन जातो आहे. पुरानंतर बाबांनी विम्याचा क्लेम केला होता, त्याचा इथे काही संबंध येतो का?

प्रेषक: मानेवाड्याचे काका

येतो तर! कंपनीने टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असं, धरून पैसे दिले असतील, तर सांगाडा कंपनीचा की तुमचा हे त्या मंजुरीच्या पत्रात लिहिलेलं असतं. कंपनीचा असेल तर तो हलवायला आधी त्यांनाच लेखी कळवायचं. बाबांच्या फायलीत ते पत्र शोधायला सांग. अर्जाला त्याची झेरॉक्स जोडली तर मुदत मागायला कारणही मिळेल.