बाळाच्या खोलीचा रंग: अनुभव धागा

बाळाच्या खोलीला कुठला रंग द्यावा, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. निळ्याने बाळ शांत राहतं, पिवळ्यात किरकिर करतं, लाल तर नकोच. ज्यांचं रोजचं काम बाळांशी, रंगाशी किंवा उजेडाशी आहे त्यांनी इथे लिहावं. घरचे किस्से नकोत. मापं, क्रम आणि काम कुठे बिघडतं तेवढं लिहा.

बालनेत्रतज्ज्ञ

आधी बाळाला काय दिसतं ते बघू. नवजात बाळाची नजर जेमतेम २० ते ३० सेंटिमीटरवर ठरते, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावर. भिंत त्याच्या खूप पलीकडे. शिवाय पहिल्या महिन्यात बारकावे ओळखण्याची ताकद इतकी कमी असते की दोन मीटरवरच्या भिंतीवर दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा बारीक पट्टे असतील तर ते एकमेकांत मिसळून सपाट करडे दिसतात. फिक्या गुलाबीवर फिकी निळी फुलं काढली आणि दोन्हींचा उजळपणा सारखाच असला, तर नवजात बाळासाठी त्या भिंतीवर काहीच नसतं.

रंगांची ओळख टप्प्याटप्प्याने येते. सुरुवातीला मोठा, गडद लाल ठिपका करड्यापासून वेगळा कळतो. दोन महिन्यांच्या आसपास लाल-हिरव्यातला फरक पकडता येतो, निळ्या-पिवळ्यातला त्यानंतर. साधारण चौथ्या महिन्यात डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या तिन्ही प्रकारच्या शंकुपेशींच्या जोरावर रंग दिसू लागतात. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांसाठी भिंतीच्या छटेवर रात्र रात्र विचार करायची गरज नाही. त्या वयाला लागते ती ठळक तफावत, आणि तीही जवळ. पांढऱ्या कार्डावर दोन-तीन सेंटिमीटर रुंद काळे पट्टे काढा. बाळ जागं असताना ते कार्ड ३० सेंटिमीटरवर, नजरेच्या थोडं बाजूला धरा. त्याने तोंड फिरवलं की कार्ड खाली ठेवा. तोंड फिरवणं म्हणजे 'आता पुरे'.

पिवळ्या खोलीत बाळं जास्त रडतात, याला ठोस पुरावा नाही. गुलाबीने शांतपणा येतो, याचंही तेच. १९७९ मध्ये रंगांच्या परिणामांचे अभ्यासक अलेक्झांडर शॉस यांच्या सूचनेवरून अमेरिकेतल्या सिएटलच्या नौदल तुरुंगातली एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगवली आणि कैदी शांत झाल्याचं सांगितलं गेलं. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. मोठ्या माणसांवरच टिकला नाही, तो बाळांवर गृहीत धरू नये.

नवजात अतिदक्षता विभागातील परिचारिका

भिंतीच्या रंगाचा बाळावर खरा परिणाम होतो तो आडवाटेने, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. पिवळी किंवा हिरवट भिंत, तशाच रंगाचा पडदा, त्यातून येणारा उजेड, हे सगळं बाळाच्या त्वचेवर पडतं आणि कावीळ ओळखताना डोळा फसतो. नवजात विभागात बाळाजवळचे पृष्ठभाग तटस्थ रंगाचे ठेवतात ते याचसाठी. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणजे बाळ नुकतंच घरी आलेलं असतं तेव्हाच.

खोली आधीच पिवळी असेल तर पुन्हा रंगवू नका, फक्त बघायची जागा बदला. बाळाला दिवसा खिडकीपाशी आणा, खाली पांढरी चादर घाला, रंगीत टोपी-झबलं काढा. कपाळ, छाती आणि नडगीवर बोट हलकेच दाबून सोडा आणि दाबलेल्या जागी क्षणभर जो रंग दिसतो तो पाहा. पिवळेपणा डोक्याकडून खाली सरकतो. त्वचा सावळी असेल तर डोळ्यांतला पांढरा भाग आणि हिरड्या पाहा. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तो पायांपर्यंत उतरला किंवा बाळ दूध ओढेनासं झालं तर लगेच डॉक्टरांकडे न्या. कावीळ किती आहे हे नजरेने ठरत नाही, ते मोजावंच लागतं.

रंगकामाचे ठेकेदार

छटेपेक्षा डब्यात काय आहे आणि काम कधी संपतं, हे महत्त्वाचं. इमल्शन हाताला तासाभरात सुकतं, पण पूर्ण पक्कं व्हायला तीन-चार आठवडे जातात. बाळ यायच्या किमान महिनाभर आधी शेवटचा हात झालेला असावा आणि तोवर खिडक्या उघड्या हव्यात.

'वास नसलेला' आणि 'बाष्पशील (हवेत उडणारी) रसायनं कमी असलेला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुगंध घालून वास झाकता येतो. डब्यावर लिटरला किती ग्रॅम लिहिलंय ते वाचा. तो आकडाही बहुतेक वेळा पांढऱ्या बेसचा असतो. गडद छटेसाठी मशीनमधून भरपूर स्टेनर (छटा आणणारा दाट रंग) पडतं आणि जुन्या पद्धतीचं स्टेनर असेल तर त्यासोबत रसायनंही वाढतात. फिकी छटा घ्यायचं हे एक चांगलं कारण आहे.

जुन्या घरात मोठा धोका शिशाचा. पिवळ्या, नारिंगी, लाल ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेटसारखी शिसं असलेली रंगद्रव्यं सर्रास वापरली जात. पोपडे निघालेले दिसले तर कोरडा पॉलिश पेपर अजिबात मारू नका. धूळ फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. आधी तपासणी करून घ्या. शिसं निघालं तर ते काम प्रशिक्षित माणसाचं, आणि तेवढे दिवस गरोदर बाईने त्या घरात थांबू नये. नवीन रंगात शिशाची कायदेशीर मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे. डब्यावर ते लिहिलेलं बघून घ्या.

हिशोब असा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता ४०० धरा. लिटरमागे एका हाताला साधारण ११० चौरस फूट जातं, म्हणजे दोन हातांना सव्वासात लिटर. आठ घ्या, उरलेलं पुढे डागडुजीला लागतंच. छताचे सव्वादोन लिटर वेगळे.

आधी ओल बंद करा, नाहीतर पुढचं सगळं वाया जातं. मग भिंत धुऊन सुकवा, लांबी (पुट्टी) भरा, १८० नंबरचा पेपर मारून धूळ ओल्या फडक्याने पुसा. त्यावर प्रायमर, मग रंगाचे दोन हात, मध्ये किमान चार तास. दमट हवेत जास्त थांबा. घाईत दुसरा हात मारला की रोलर पहिला उचलून घेतो. सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून मगच सुरुवात करा, नाहीतर भिंतीच्या मध्यावर छटा बदललेली दिसते.

शेड कार्डवरून कधीच ठरवू नका. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, भोवती पांढरी कड सोडा आणि तो पाळण्याजवळच्या भिंतीवर सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघा. चारही भिंती एकमेकींचा रंग परावर्तित करतात, म्हणून खोलीत रंग कार्डापेक्षा गडद भासतो. पिवळ्याला हे सर्वांत जास्त लागू. आवडलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी घ्या.

प्रकाशयोजनाकार

छताबद्दल लिहायचं राहिलं. उताणं झोपलेलं बाळ तेच बघत असतं. छत पूर्ण मॅट ठेवा. चकचकीत रंगात दिव्याचा ठिपका उमटतो आणि तो थेट डोळ्यांत येतो. दिवाही पाळण्याच्या बरोबर वर नको.

रात्री पाजायला २७०० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) किंवा त्याहून पिवळसर, अगदी मंद दिवा गुडघ्याच्या उंचीवर लावा. झोपेचं घड्याळ सांभाळणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. भिंत निळी आहे म्हणून झोप बिघडत नाही, दिव्यातला निळा उजेड आणि त्याचा प्रखरपणा बिघडवतो. दिवसाचा दिवा मात्र सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा घ्या, म्हणजे त्वचेचा रंग खरा दिसेल.

रंगकामाचे ठेकेदार

पाळणा रंगवायचा असेल तर त्याबद्दलही. दात येताना बाळ कठडा चावतं, तिथे उरलेलं एनॅमल (ऑइलपेंट) लावू नका. खेळण्यांसाठीच्या ईएन ७१-३ या युरोपीय सुरक्षा मानकात बसणारा रंग घ्या, पातळ दोन हात द्या आणि पक्का होईपर्यंत पाळणा वापरू नका. भिंतीला चार फुटांपर्यंत धुता येणारं, किंचित चमकीचं सॅटिन, वर मॅट.